प्रभातकडून फाळक्यांकडे : जुने मराठी चित्रपट पाहायला बसताना

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने विचारलं, "मावशी, जुने सिनेमे बघायचेत, कुठला लावू?" मी मोठ्या उत्साहाने त्याला दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट लावून दिला. पहिला तो पहिला, असा माझा सरळ हिशेब. उरलीसुरली दोन रिळं त्याने नम्रपणे पाहिली आणि त्यानंतर जुन्या चित्रपटाचं नाव घरात काढलं नाही. गेल्या दिवाळीत त्याच्या धाकट्या बहिणीने तोच प्रश्न विचारला तेव्हा मी सावध होते. तिला मी 'संत तुकाराम' दाखवला, आणि महिन्याभराने ती आपण होऊन फाळक्यांपर्यंत पोचली.

तेव्हापासून मी नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगते की सन पाहून सुरुवात करू नका. १९१३ पासून क्रमाने पुढे यायचं ठरवलंत तर पहिल्याच आठवड्यात दमाल. मराठी बोलपट ऐन बहरात होता त्या १९३६ ते १९४१ या काळात आधी शिरा. तिथली भाषा आणि गाणी आपल्याला अर्धीअधिक ओळखीची असतात. कान आणि डोळे तयार झाले की मग मागे जायचं.

आधी थोडी तयारी

या चित्रपटांचा आवाज ही नव्या माणसाची पहिली अडचण असते. १९३०च्या दशकातल्या ध्वनिमुद्रणात खर्जाचा आणि अगदी वरचा आवाज फारसा उमटायचा नाही, त्यात प्रिंटवर वर्षानुवर्षांची खरखर. टीव्हीच्या मोठ्या स्पीकरपेक्षा साधे इअरफोन बरे पडतात. बेस कमी करा, पंखा मंद ठेवा. पहिली दहा मिनिटं शब्द निसटतील, नंतर कान आपोआप जुळतो. इंग्रजी उपशीर्षकं असलेली प्रत मिळाली तर मराठी येत असूनही तीच घ्या. गाण्यातला एखादा शब्द सुटला की खाली नजर टाकता येते.

दुसरी गोष्ट प्रतीची. यातले बरेच चित्रपट यूट्यूबवर सापडतात, काहींच्या डीव्हीडीही निघाल्या होत्या. पण एकाच चित्रपटाच्या चार प्रती असतील तर चारही सारख्या नसतात. आधी लांबी बघा. 'संत तुकाराम' दोन तासांच्या थोडा वर आहे. दीड तासात संपणारी प्रत असेल तर कुणीतरी कात्री चालवली आहे असं समजा. मग चौकट बघा. त्या काळचं चित्र जवळजवळ चौकोनी असायचं. हल्लीच्या रुंद पडद्यावर ते ताणून बसवलं की माणसं बुटकी आणि गालफुगी दिसतात. डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या असतील तर ती प्रत चांगली. रंग भरलेल्या प्रतीच्या वाटेला जाऊ नका. 'संत तुकाराम'च्या दोन दिग्दर्शकांपैकी एक असलेल्या फत्तेलालांनी नेपथ्य रचलं ते काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटा डोळ्यांपुढे ठेवून, आणि वरून ओतलेल्या रंगात त्या छटाच बुडून जातात.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि इथे बरेच जण चकतात. प्रभात फिल्म कंपनी पुष्कळदा एकच चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत काढायची. आवाज नंतर बदलण्याची सोय तेव्हा नव्हती, म्हणून त्याच सेटवर प्रसंग दोनदा चित्रित व्हायचे. 'कुंकू'चा 'दुनिया न माने', 'माणूस'चा 'आदमी', 'शेजारी'चा 'पडोसी'. तुम्ही शोधायला जाल तेव्हा हिंदी आवृत्ती आधी पुढ्यात येण्याची शक्यता बरीच. तीही पाहा, पण दुसऱ्या खेपेला. मराठी बोलीचा ठसका मराठी आवृत्तीतच मिळतो.

आणि वेळ ठरवून बसा. एका बैठकीत दोन तास जमणार नसतील तर मध्यंतर घ्या, थिएटरातही ते असायचंच. फोन मात्र दुसऱ्या खोलीत ठेवा. या चित्रपटांतली दृश्यं आजच्यापेक्षा लांब असतात, आणि नजर एकदा खाली गेली की माणसाच्या चेहऱ्यावर हळूहळू होत जाणारा बदल हातचा जातो.

पहिली पायरी : संत तुकाराम (१९३६)

पडदा उजळला की तुतारी फुंकणारी स्त्री दिसेल. ही प्रभातची खूण. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी ही कंपनी काढली. १९३३ मध्ये ती पुण्याला आली. 'संत तुकाराम'चं दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल या जोडीचं. दामल्यांचा जीव ध्वनिमुद्रणात आणि यंत्रांत, फत्तेलालांचा चित्रकलेत. दोघेही मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली तयार झालेले. हा चित्रपट मुंबईच्या सेंट्रल सिनेमात ५७ आठवडे चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

हे सगळं विसरून पहिली काही मिनिटं नीट ऐका. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम 'पांडुरंग ध्यानी, पांडुरंग मनी' म्हणत बसला आहे. आवाजात कसलाही आव नाही, कुणाला ऐकवायचं नाही. लगेच पुढे सालोमालो तोच अभंग आपल्या नावावर खपवत देवळात लोकांपुढे गातो, नाटकी ताना घेत, हातवारे करत. शब्द तेच, चालही तीच म्हणावी इतकी जवळची. खरा कोण आणि खोटा कोण हे सांगायला दिग्दर्शकांना एकही संवाद लागत नाही, आपला कानच निवाडा करतो. गंमत म्हणजे पागनीस स्वतः संगीत नाटकात स्त्रीभूमिका करणारे नट. नाटकी गाणं म्हणजे काय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, आणि ते कसं टाकायचं हेही.

दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा तुकारामाकडे न बघता जिजाईकडे बघा. गौरी या नटीने केलेली ही बायको मराठी पडद्यावरच्या सगळ्यांत जिवंत बायकांपैकी एक आहे असं माझं ठाम मत आहे. नवरा विठ्ठलात रमलेला, घरात दाणा नाही, पोर आजारी. ती चिडते, कातावते, म्हशीवर माया करते, आणि एका प्रसंगात चप्पल घेऊन थेट विठोबासमोर उभी राहते. चित्रपट तिला खलनायिका करत नाही, तिची चेष्टाही करत नाही. तुकाराम आकाशाकडे बघतो तेव्हा चुलीकडे कोण बघतं, हा प्रश्न शेवटच्या दृश्यापर्यंत जागा राहतो. तो वैकुंठाला निघतो, ती जमिनीवर उरते. त्या क्षणी कॅमेरा कुणाकडे आहे ते लक्षात ठेवा.

चमत्कारांचे प्रसंग येतील तेव्हा काही जण हसतात. त्यांनी एवढंच करून पाहावं, प्रत्येक चमत्काराच्या आधीचं दृश्य आठवावं. चमत्कारापूर्वी इथे भूक असते, कर्ज असतं, नाहीतर कुणाचा तरी जाच असतो.

गाण्यांबद्दल एक सांगते. 'आधी बीज एकले' हे पद तुम्हाला तुकारामाच्या गाथेत सापडणार नाही. ते शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलं. ते इतकं बेमालूम उतरलं की कित्येकांनी तो तुकोबांचाच अभंग धरला. चाली केशवराव भोळ्यांच्या. पात्रं कामात असताना गातात, गाण्यासाठी काम थांबवत नाहीत. आजचा चित्रपट पाहणाऱ्याला ही गोष्ट चटकन जाणवत नाही, म्हणून मुद्दाम सांगितली.

दुसरी पायरी : कुंकू (१९३७)

'तुकाराम'नंतर दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि मग 'कुंकू' लावा. याच स्टुडिओत अवघ्या वर्षभराने घडलेला चित्रपट, पण जग पूर्ण वेगळं. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून. निर्मला ऊर्फ नीरा या तरुण मुलीचं लग्न तिच्या मामाने फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून दिलं आहे. ती रडत नाही, पळून जात नाही. या माणसाला नवरा मानायला साफ नकार देते, आणि त्याच्याच घरात राहून देते.

नव्या माणसाला हा चित्रपट दाखवताना मी आधी एकच गोष्ट सांगते, यात पार्श्वसंगीत नाही. भावना भडकवायला मागे व्हायोलिन वाजत नाही. जे ऐकू येतं ते घरातलंच. भिंतीवरचं घड्याळ, भांडी, दार, ग्रामोफोन. गाण्यांचा ठेकासुद्धा हाताशी असलेल्या वस्तूंमधून येतो. १९३७ मध्ये, बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झालेली असताना, एवढा मोह टाळणं सोपं नव्हतं. इअरफोन लावून पाहा म्हणाले ते खरं तर याच चित्रपटासाठी.

घड्याळाच्या मागावर राहा. लंबक हलतो कधी, थांबतो कधी, त्याची टिकटिक कुठल्या प्रसंगात वाढते हे वहीत टिपलंत तर शांतारामांनी म्हाताऱ्या नवऱ्याचं वय कसं ऐकवलं आहे ते उमगेल. तसाच आरसा. काकासाहेबांचं आरशाशी जे नातं आहे त्यावर एक वेगळा लेख होईल.

केशवराव दाते यांनी केलेले हे काकासाहेब राक्षस नाहीत, आणि त्यामुळेच चित्रपट आजही टोचतो. ते सभ्य आहेत, शिकलेले आहेत, आणि आपण काय केलं हे त्यांना हळूहळू कळत जातं. दात्यांच्या चेहऱ्यावर ते कळणं उतरताना दिसतं. शांता आपटेंची नीरा त्यांच्यासमोर ताठ उभी असते. नुसत्या उभं राहण्यातून किती बोलता येतं ते तिच्याकडून शिकावं. त्यात ती लाँगफेलोची इंग्रजी कवितासुद्धा गाते. मराठी घरातल्या मुलीच्या तोंडी हे ऐकताना पहिल्यांदा दचकायला होतं, नंतर तिच्या हट्टाशी ते बरोबर जुळतं. समाजकार्य करणाऱ्या सावत्र मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे आहेत. संततिनियमनाच्या कामासाठी ज्यांना महाराष्ट्र ओळखतो त्याच या.

'मन सुद्ध तुझं' हे गाणं आजोबांच्या तोंडून तुम्ही ऐकलं असेल. पूर्ण ओळ 'मन सुद्ध तुझं, गोष्ट हाये पृथिवीमोलाची'. ते या चित्रपटात नेमकं कुठे आणि कोणासाठी येतं ते पाहा, गाणं वेगळं ऐकू येईल. शेवट मी सांगत नाही. त्या शेवटावर आमच्या घरी दर खेपेला वाद होतो आणि व्हावाच. नीराला जे मिळतं ते तिच्या लढ्यामुळे मिळतं की कुणाच्या उपकारामुळे, यावर मी स्वतः दोनदा मत बदललं आहे.

तिसरी पायरी : माणूस आणि शेजारी

इथवर आलात तर आता तुम्हाला हात धरून न्यायची गरज नाही. 'माणूस' (१९३९) हा पोलीस शिपाई गणपत आणि वेश्यावस्तीतली मैना यांच्या नात्याचा चित्रपट. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर. 'कशाला उद्याची बात' हे अनंत काणेकरांचं गाणं यातलंच. मैना ते एका भाषेत थांबत नाही, निरनिराळ्या भाषांत गाते, कारण तिच्याकडे येणारं गिऱ्हाईक सगळ्या मुलुखांतून आलेलं आहे. संगीत मास्टर कृष्णरावांचं. प्रेमात हरल्यावर आयुष्याची माती करून घेणारा नायक त्या सुमारास लोकप्रिय झाला होता. त्याला शांतारामांनी दिलेलं हे उत्तर. सावल्या आणि गल्लीबोळ पाहा, सगळं स्टुडिओत उभारलेलं आहे हे विसरायला होईल.

'शेजारी' (१९४१) धरण बांधलं जाणाऱ्या गावातल्या दोन जिवलग म्हाताऱ्यांची गोष्ट, एक हिंदू, एक मुसलमान. मराठीत जीवबा केशवराव दात्यांनी आणि मिर्झा गजानन जागीरदारांनी केला. हिंदी आवृत्तीत मिर्झा जागीरदारांचाच राहिला आणि हिंदू म्हातारा मझहर खान यांनी केला. म्हणजे हिंदू नट मुसलमान झाला आणि मुसलमान नट हिंदू. ही निवड मुद्दाम केलेली, आणि चित्रपट काय सांगू पाहतो हे त्या एका निवडीत आहे. म्हणून दोन्ही आवृत्त्या पाहायच्याच असतील तर या चित्रपटाच्या पाहा. 'लखलख चंदेरी तेजाची न्यारी दुनिया' या गाण्यात ज्योतींनी पडदा उजळतो, ते मोठ्या पडद्यावर पाहायला मिळालं तर सोडू नका.

मधे थोडं हसू

सलग तीन-चार गंभीर चित्रपट पाहिलेत, आता हंस पिक्चर्सचा 'ब्रह्मचारी' (१९३८) पाहा. लेखन आचार्य अत्र्यांचं, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका मास्टर विनायकांची. औदुंबर नावाचा तरुण एक व्याख्यान ऐकून ब्रह्मचर्याचं व्रत घेतो, आणि मग त्याच्या आयुष्यात मीनाक्षी शिरोडकरांची किशोरी येते. 'यमुनाजळी खेळू खेळ' या गाण्यात मीनाक्षीबाई पोहण्याच्या पोशाखात आल्या तेव्हा केवढी खळबळ उडाली होती! आज ते गाणं पाहताना त्यांचा मोकळेपणाच मनात भरतो. अत्र्यांच्या संवादांना टाळ्या कुठे पडत असतील हे बसल्या जागी कळतं, कारण तिथे नट किंचित थांबतात. ती थांबण्याची जागा हेरायला मला फार आवडतं.

चौथी पायरी : आता मागे वळा

'अयोध्येचा राजा' ६ फेब्रुवारी १९३२ रोजी प्रदर्शित झाला, मराठीतला पहिला बोलपट. त्याआधी ११ महिने, १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला होता. भारतातला तो पहिला बोलपट, पण त्याची एकही प्रत उरलेली नाही. 'अयोध्येचा राजा' मात्र आपल्याला पाहता येतो, ही साधी गोष्ट नाही.

हा चित्रपट आधी पाहिला असतात तर अवघडलेला वाटला असता. आता तुम्हाला त्याचं कारण ओळखू येईल. बोलपटाच्या सुरुवातीला नटांना मायक्रोफोन जवळ असेल तिथेच बोलावं लागे. तो कुठेतरी लपवलेला असे. कॅमेऱ्याची घरघर ध्वनीत येऊ नये म्हणून कॅमेराही बंदिस्त, सहज हलवता न येणारा. पार्श्वगायन नव्हतं, त्यामुळे नट चित्रीकरणाच्या वेळीच गायचे आणि साजिंदे चौकटीबाहेर बसून साथ करायचे. माणसं एका जागी उभी राहून, समोर तोंड करून गाताना दिसली की नाटकाचा प्रभाव म्हणून हिणवू नका. प्रभाव होताच, पण अर्धं कारण त्या लपवलेल्या मायक्रोफोनमध्ये होतं. इथून 'तुकाराम'पर्यंतचं अंतर जेमतेम पाच वर्षांचं आहे. दोन्ही पाठोपाठ पाहिले की ही माणसं किती झपाट्याने शिकली ते दिसतं.

हरिश्चंद्र गोविंदराव टेंब्यांचा, संगीतही त्यांचंच. तारामती दुर्गा खोटे. शिकलेल्या, प्रतिष्ठित घरातल्या बाईने पडद्यावर यावं ही तेव्हा धक्कादायक गोष्ट होती. नारदाच्या वेषात मास्टर विनायक दिसतील, 'ब्रह्मचारी'मधला औदुंबर सहा वर्षांनी व्हायचा आहे.

पाचवी पायरी : मूकपट

आता फाळके. मनाची तयारी अशी करा की तुम्ही पूर्ण चित्रपट पाहणार नाही. भारतीय मूकपटांतले फार थोडे उरले आहेत, आणि त्यातलेही बरेच तुकड्यांत. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली काढलेला 'सावकारी पाश' पाहायला मी काय वाटेल ते देईन. कर्जात बुडालेला शेतकरी, आणि ती भूमिका तरुण शांतारामांनी केलेली. तो मूकपट गेला. उरलं आहे त्याचं महत्त्व यामुळेच वाढतं. त्यातलं बरंचसं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या आणि तिथे आयुष्य वेचलेल्या पी. के. नायर यांच्या धडपडीमुळे आपल्यापर्यंत आलं.

सुरुवात 'कालिया मर्दन' (१९१९) पासून करा. फाळक्यांच्या उरलेल्या चित्रपटांत नव्या माणसाला सगळ्यांत लवकर आपलासा वाटतो तो हाच. कृष्ण झाली आहे फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी. गोष्ट सुरू होण्याआधी फाळके तिचा चेहरा जवळून दाखवतात आणि ती एकामागून एक भाव बदलत जाते, राग, आनंद, रडू. जणू बाप प्रेक्षकांना म्हणतोय, आधी माझ्या लेकीला भेटा, मग तिचा कृष्ण बघा. मला तो तुकडा अख्ख्या चित्रपटाइतका प्रिय आहे. पुढे पाण्याखालची कालियाशी झुंज येते. ती कशी केली असेल याचा तर्क आधी स्वतः करून पाहा.

मग 'राजा हरिश्चंद्र'. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो लोकांसाठी लागला. चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं आज पाहायला मिळतं. ती १९१३ची की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. सुरुवातीला राजा मुलाला धनुर्विद्या शिकवतो आहे, राणी बाजूला उभी. ही चौकट राजा रविवर्म्याच्या चित्रांची आठवण देते आणि ते स्वाभाविक आहे, फाळक्यांनी लोणावळ्याच्या रविवर्मा छापखान्यासाठी काम केलं होतं. तारामती झाले आहेत अण्णा साळुंके, उपाहारगृहात काम करणारा तरुण, कारण पडद्यावर यायला कुणी बाई तयार झाली नाही. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी आल्या आणि ते दार उघडलं. पुढे 'लंका दहन'मध्ये (१९१७) साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले. फाळके फिल्मला भोकं पाडायचे, ती धुवायचे, त्या सगळ्या कामात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्ररात्र जागलेल्या आहेत. हे रीळ पाहताना सरस्वतीबाईंचे हात डोळ्यांपुढे आणा.

मूकपट पाहायच्या चार युक्त्या. पहिली वेगाची. मूकपटाच्या कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण सोळा-अठरा चित्रं. बोलपटाचा वेग चोवीसचा. जुनं रीळ चोवीसच्या वेगाने चढवलेलं असलं की माणसं लगबगीने तुरुतुरु चालतात आणि आपल्याला वाटतं तेव्हाचा अभिनयच तसा. यूट्यूबवर वेग ०.७५ करा. फरक बघा, राजा राजासारखा चालायला लागतो. दुसरी आवाजाची. हे चित्रपट शांततेत कधीच दाखवले जात नव्हते, थिएटरात पेटी-तबला असायचा. प्रतीवर कुणी नंतर चढवलेलं संगीत खटकत असेल तर ते बंद करून आपल्या आवडीचं संथ वादन लावा. तिसरी रंगाची. त्या काळच्या फिल्मला लाल रंग कळत नसे, लाल ते काळं उमटे. कपाळावरचं कुंकू काळं दिसलं तर प्रिंट खराब झाली असं समजू नका. चौथी पाट्यांची. मधल्या पाट्या मोठ्याने वाचा. घरात लहान मुलं असतील तर त्यांना वाचायला द्या, त्यांना फार आवडतं.

पुढे कुठे

इथून वाटा फुटतात. शिवकाळ आवडत असेल तर कोल्हापूरच्या भालजी पेंढारकरांकडे जा. आई आणि मुलाची गोष्ट हवी असेल तर अत्र्यांचा 'श्यामची आई' (१९५३), राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा पहिला चित्रपट. हसायचं असेल तर राजा परांजपे, गदिमा आणि सुधीर फडके या त्रिकुटाचा 'लाखाची गोष्ट' (१९५२). मूकपटाची गोडी लागली असेल तर फ्रान्झ ऑस्टेनचा 'प्रपंच पाश' (१९२९) आणि मग चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स' (१९३१). चॅप्लिनने बोलपट आल्यानंतरही तो अबोल ठेवला. 'कुंकू'मधली शांतता ऐकून झाल्यावर तो हट्ट जास्त समजतो.

एक वही ठेवा. चित्रपटाचं नाव, साल, कुठली प्रत, आणि लक्षात राहिलेलं एकच दृश्य. परीक्षण लिहू नका, एक दृश्य पुरे. माझ्या वहीत 'तुकाराम' चार वेळा आहे आणि चारही वेळा दृश्य वेगळं आहे.

जमलं तर जागा पाहा. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे चित्रपटांचे खेळ होतात, त्यावर लक्ष ठेवा. जवळच फिल्म इन्स्टिट्यूट, म्हणजेच जुना प्रभात स्टुडिओ. प्रभात रोडला नाव कुठून मिळालं हे त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या पुष्कळांना माहीत नसतं. मुंबईत दादर पूर्वेला दादासाहेब फाळके मार्ग आहे. तेव्हा तो दादर मेन रोड होता आणि 'राजा हरिश्चंद्र' तिथेच घडला.

घरात काही सापडलं तर

जुन्या घरात कपाट उपसताना चित्रपटाच्या गाण्यांची पातळ पुस्तिका निघते. थिएटरात ती आण्या-दोन आण्यांना मिळायची. तिच्यात गाणी असतात, कथेचा सारांश असतो, नटांची यादी असते. ज्या चित्रपटाची प्रिंटच उरली नाही त्याची एवढीच खूण मागे असते. ती चिकटपट्टीने चिकटवू नका, प्लास्टिकमध्ये घट्ट कोंबू नका, साध्या कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

फिल्मचा डबा निघाला तर मात्र जपून. त्या काळची फिल्म नायट्रेटची असायची आणि ती भयंकर ज्वालाग्राही असते, पेटली की पाण्यानेही विझत नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात लागलेल्या आगीत अशीच कितीतरी नायट्रेट रिळं गेली. डबा उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका. रीळ उलगडून पाहण्याचा किंवा घरच्या प्रोजेक्टरवर चढवण्याचा मोह टाळा. चिकट झालं असेल, तपकिरी भुकटी दिसत असेल, उग्र वास येत असेल तर हातच लावू नका. थंड, हवेशीर जागी एकटा डबा ठेवा, वरच्या चिठ्ठीवर जे काही लिहिलं असेल त्याचा फोटो काढा आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. रद्दीवाल्याला देऊ नका. डब्यावरचं नाव ओळखीचं नसलं तरी देऊ नका.